उत्तर सांगू नका, बाबा

आमची जठारपेठ २६ जानेवारीच्या रात्री एरवी लवकर निजते. सकाळी झेंडावंदन झालेले असते, दुपारी जिलेबी झालेली असते आणि थंडीही बऱ्यापैकी असते. २०१६ सालची ती रात्र मात्र आमच्या घरात निजली नाही. माडीवर माझा मुलगा आणि त्याचे तीन मित्र संगणकाभोवती कोंडाळे करून बसले होते. अमेरिकेत दिवस वर आला की तिकडून एक खेळ विक्रीला येणार होता. नाव ‘द विटनेस’. तिकडची किंमत चाळीस डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सत्तावीसशे रुपयांच्या आसपास. चौघांनी वर्गणी काढली होती.

मी तेव्हा बँकेत अधिकारी होतो. रक्कम ऐकून माझ्यातला कर्जविभागातला माणूस जागा झाला. “यात असते तरी काय?” मी विचारले.

“कोडी असतात बाबा. साडेसहाशेच्या आसपास.”

“आणि सोडवली की काय मिळते?”

“पुढचं कोडं.”

या उत्तरावर काय बोलावे ते मला सुचले नाही. मी खाली येऊन झोपलो.

ही मुले त्या खेळाची वाट महिना-दोन महिने नव्हे, कितीतरी वर्षे पाहत होती. जोनाथन ब्लो हा त्याचा कर्ता. २००८ साली त्याचा ‘ब्रेड’ हा छोटा खेळ गाजला आणि त्यातून मिळालेला पैसा त्याने या नव्या खेळात ओतला. खेळाची घोषणा झाली २००९ मध्ये आणि तो हाती आला २०१६ मध्ये. मधल्या काळात जवळचे पैसे संपले, तेव्हा गड्याने कर्जही काढले. असा अर्जदार माझ्या टेबलापुढे बसला असता तर मी विचारले असते, तारण काय? तो म्हणाला असता, एक काल्पनिक बेट आणि साडेसहाशे कोडी. मी चहा पाजून त्याला परत पाठवले असते. पुढे पहिल्याच आठवड्यात पन्नास लाख डॉलरांवर विक्री झाल्याचे ब्लोनेच जाहीर केले. कर्जविभागातली माणसे अशी चुकतात.

खेळ येण्याच्या आदल्या दिवशी त्याची परीक्षणे प्रसिद्ध झाली होती. ती वाचण्याची त्या पोरांची तऱ्हा पाहून मला हसू येत होते. एक जण वाचायचा, पडद्यावरची चित्रे तळहाताने झाकायचा आणि मध्येच “याच्या पुढचं नको” म्हणून थांबायचा. आयजीएन या नामांकित प्रकाशनाने दहापैकी दहा गुण दिले, तेव्हा वर एवढा ओरडा झाला की शेजारच्या काकू गच्चीवर आल्या. पण गुणांपेक्षा पोरांना दुसरेच काही हवे होते. खेळ अवघड आहे का, आणि अवघड असून प्रामाणिक आहे का? म्हणजे तो फसवत तर नाही ना? एवढे कळले की पुरे. तो कसा सोडवायचा हे मात्र कोणी सांगायचे नाही. बिचाऱ्या परीक्षकाची पंचाईत लक्षात घ्या. जेवणाची तारीफ करायची, पण भाजी कोणती होती ते बोलायचे नाही!

खेळ असा आहे. एका अंधाऱ्या बोळातून तुम्ही उजेडात येता. समोर एक निर्जन बेट. झाडे आहेत, वाडे आहेत, पुतळे आहेत, पण नियम समजावून द्यायला कोणी नाही. जागोजागी पाट्या लावलेल्या. पाटीवर चक्रव्यूहासारखी जाळी, तीत एका वर्तुळापासून टोकापर्यंत रेघ ओढायची. पहिल्या दोन-चार पाट्या बालवाडीच्या. मग जाळीत काळे-पांढरे चौकोन दिसू लागतात. चुकत चुकत ध्यानात येते, की रेघेने काळे एकीकडे आणि पांढरे दुसरीकडे करायचे आहेत. हे कोणी सांगत नाही, तुमचे तुम्हाला कळते. साऱ्या खेळाचा जीव या कळण्यात आहे.

हे मला तेव्हाच उमजायला हवे होते, कारण माझी सारी नोकरीच अशा कळण्यावर उभी होती. १९८४ साली मी दर्यापूरच्या शाखेत नवखा अधिकारी होतो. संगणक नव्हते. महिनाअखेर लेजरची बेरीज जनरल लेजरशी जुळवायची. एकदा सत्तावीस रुपयांचा फरक आला. दोन रात्री मी पाने चाळली. आमचे हेडक्लार्क त्याच वहीवरून वर्षानुवर्षे हात फिरवलेले गृहस्थ. तिसऱ्या दिवशी सुपारी कातरता कातरता ते एवढेच म्हणाले, “साहेब, फरकाले नऊनं भाग जाते का पाहा.”

भाग गेला, तीन आले. तासाभराने दिवा पेटला. दोन शेजारचे अंक उलटे लिहिले की फरकाला नऊने नेहमी भाग जातो, आणि भागाकार म्हणजे त्या दोन अंकांमधले अंतर. मग तीनचे अंतर असलेलेच अंक शोधायचे. सापडले! ८५ च्या जागी ५८, आणि अक्षर माझेच. चूक कोणत्या पानावर आहे हे हेडक्लार्कना बहुधा पहिल्याच रात्री दिसले असावे. पान सांगितले असते तर तेवढाच महिना जुळला असता. त्यांनी एक प्रश्न विचारला आणि पुढची छत्तीस वर्षे माझी कामे जुळत गेली.

हे शिकलेल्या माणसाने घरी काय केले ते ऐका. चार-पाच दिवस मुलगा जेमतेम झोपत होता. जेवताना म्हणाला, “या बेटावर आणखी काहीतरी आहे बाबा. डोळ्यासमोरच आहे, पण दिसत नाही.” त्याचे ओढलेले डोळे मला बघवेनात. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी शोधाशोध केली. एका लेखात सारे उघड करून सांगितले होते. मला वाटले, पोराला मदत होईल. खरे सांगायचे तर थोडी ऐटही होती, बापालाही कळते म्हणून. रात्री भाकरी मोडता मोडता मी ते सांगून टाकले.

त्याचा हात ताटातच थांबला. “काऊन सांगतलं बाबा?” एवढेच तो म्हणाला. ओरडला असता तर बरे झाले असते. त्या रात्री माडीवरचा दिवा लवकर विझला.

लहानपणी ‘चांदोबा’त आम्ही विक्रम-वेताळ वाचत असू. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकले होतील, असा वेताळाचा धाक. राजा उत्तर देई आणि वेताळ पुन्हा झाडावर. राजाची निदान सुटका नव्हती. माझ्या डोक्याची शकले कोण करणार होते? आणि उत्तर तर दुसऱ्याने शोधायचे होते.

मुलगा पुढे नोकरीसाठी पुण्याला गेला. २०२० साली मी निवृत्त झालो. घरातून बाहेर पडायची सोय नव्हती. एके दुपारी मुलाच्या जुन्या संगणकावर मी त्या बेटावर उतरलो. काळे-पांढरे चौकोन वेगळे करायला मला चार दिवस लागले. ते जमले तेव्हा साठीचा मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवत होतो आणि बायको दारात उभी राहून पाहत होती.

आठवड्याभरात एका पाटीपाशी गाडी अडली. मी पुण्याला फोन लावला. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, की दोन वर्षांनी त्याने खेळ पुन्हा सुरू केला होता आणि पूर्ण केला होता. मला बोलला नव्हता.

“मग सांग ना, इथे काय करायचे?”

“बाबा,” तो म्हणाला, “फरकाले नऊनं भाग जाते का पाहा.”

हेडक्लार्कची गोष्ट मी त्याला लहानपणी किती वेळा ऐकवली होती, ते त्याच्या लक्षात होते. मी फोन ठेवला आणि पुन्हा पाटीकडे वळलो. त्या रात्री जेवताना मी त्याला काय सांगितले होते, ते याही लेखात लिहिलेले नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आले असेलच.