सुपरहिरोचा पिक्चर बघायला गृहपाठ कशाला?

ज्यांना इअरफोन लावून ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी या भागातलं बोलणं इथे लिहून देतोय. थोडं आवरलंय, बोली तशीच ठेवलीये. आणि आधीच सांगून ठेवतो, पुढे 'मिन्नल मुरली' आणि 'थंडरबोल्ट्स'च्या गोष्टी फुटणार आहेत. बघायचे राहिले असतील तर आधी बघून या.

पहिल्यांदा माझी लायकी सांगतो. मी कॉमिक्स वाचलेली नाहीत. बॅटमॅन मार्व्हलचा की डीसीचा, हे मला बरीच वर्षं माहीत नव्हतं. वर्षाला असे दोन-तीन पिक्चर बघतो, तेही माझा मावसभाऊ ओढून नेतो म्हणून. तो पक्का फॅन, मी पॉपकॉर्न धरणारा. पण थिएटरमध्ये माझ्यासारखी मंडळी काही कमी नसतात. आज त्यांच्या बाजूने बोलतो.

पंधरा एपिसोडचा गृहपाठ

2023 मध्ये दिवाळीच्या तोंडावर 'द मार्व्हल्स' आला. तीन हिरॉइनी, पावणेदोन तासांचा पिक्चर. म्हटलं, हलकंफुलकं असेल. पण पहिल्या दहा मिनिटांत माझी विकेट पडली. कॅप्टन मार्व्हल कोण, ते 2019 च्या तिच्या पिक्चरमध्ये. मोनिकाला शक्ती कुठून मिळाली, ते 'वांडाव्हिजन' या मालिकेत, 9 एपिसोड. कमलाच्या बांगडीची गोष्ट 'मिस मार्व्हल' मालिकेत, आणखी 6 एपिसोड. म्हणजे पावणेदोन तासांसाठी एक अख्खा पिक्चर आणि पंधरा एपिसोडचा अभ्यास! भाऊ कानात कुजबुजत समजावत होता, आणि पुढच्या रांगेतले काका दोनदा वळून बघून गेले.

गंमत म्हणजे पहिल्या 'कॅप्टन मार्व्हल'ने जगभरात 110 कोटी डॉलरच्या वर कमाई केली होती. 'द मार्व्हल्स' साधारण 20 कोटींवर थांबला. मार्व्हलच्या या मालिकेतली ती सगळ्यात कमी कमाई.

तुम्ही म्हणाल, गृहपाठ तर 'एंडगेम'लाही होता. बरोबर, तो तर बाविसावा पिक्चर! पण त्यातली गरज एका वाक्यात कळत होती. अर्धं जग नाहीसं झालंय, त्यांना परत आणायचंय. मी त्याआधीचे जेमतेम तीन पिक्चर पाहिले होते, तरी रडलो. 2021 पासून मात्र ओटीटीवरच्या मालिकाही त्याच गोष्टीला जोडल्या गेल्या, आणि बरेचसे पिक्चर पुढच्या पिक्चरची जाहिरात वाटायला लागले.

मेला तरी काय फरक पडतो?

दुसरी अडचण मल्टिव्हर्सची. म्हणजे आपल्यासारखीच अनेक विश्वं आहेत, आणि प्रत्येकात त्याच माणसाची वेगळी आवृत्ती आहे. ऐकायला भारी. पण गोष्ट सांगणाऱ्याला यातून एक चोरवाट मिळते. लोकी 'इन्फिनिटी वॉर'मध्ये मेला, मालिकेत दुसरा लोकी हजर. 'लोगन'मध्ये वुल्व्हरिन गेला, तेव्हा भाऊ दोन दिवस गप्प होता. 2024 मध्ये 'डेडपूल अँड वुल्व्हरिन'ची सुरुवातच त्याची हाडं उकरून होते. हसलो मी, खोटं कशाला बोलू? तो धो धो चाललाही. पण त्यानंतर पडद्यावर कुणी मेलं की मी मोबाइलमध्ये वेळ बघायला लागलो.

मल्टिव्हर्स वाईटच असतं, असंही नाही. 'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' आठवा. 2023 मध्ये भारतात 10 भाषांत आला, त्यात आपली मराठीही होती. त्यात माइल्सला सांगतात की तुझे वडील मरणार, आणि तू त्यांना वाचवायचं नाहीस, कारण स्पायडर-मॅनच्या गोष्टीत ते ठरलेलंच आहे. इथे विश्वं शेकडो आहेत, पण बाप एकच. म्हणून पोटात गोळा येतो.

माझी साधी परीक्षा

यावरून मी एक परीक्षा तयार केलीये. पिक्चर संपल्यावर स्वतःला विचारायचं, हिरोचा खरा प्रश्न त्याच्या शक्तीने सुटला का? सुटला असेल तर तो पिक्चर मी घरी पोचेपर्यंत विसरतो. शक्ती असूनही सुटला नसेल, तर तो माझ्यासोबत राहतो.

'मिन्नल मुरली' घ्या, 2021 चा मल्याळम पिक्चर. केरळातलं छोटं गाव. एकाच रात्री दोघांवर वीज पडते. एक शिंपी जेसन, दुसरा चहाच्या टपरीवरचा शिबू. गाव शिबूला वेडा म्हणून हिणवत आलेलं. दोघांची शक्ती सारखीच, पण शिबूला हवीये ती एक बाई आणि गावाकडून थोडी माणुसकी. वीज अंगात असूनही त्याला हे मिळवता येत नाही. तो खलनायक होतो आणि तरी आपल्याला त्याचंच वाईट वाटतं.

2025 चा 'सुपरमॅन'ही तसाच. जन्मकथा वगैरे भानगड नाही. सुरुवातीलाच तो हरून बर्फात आपटतो. गृहपाठ शून्य! बिल्डिंग उचलणारा हा माणूस, पण लोकांचा विश्वास उडाल्यावर तो उचलता येत नाही. शेवटी गावाकडच्या, त्याला वाढवणाऱ्या आईबापांकडे जाऊन बसतो.

आणि 'थंडरबोल्ट्स'

आता खरं सांगायचं ते सांगतो. मे 2025 मध्ये 'थंडरबोल्ट्स' लागला, तेव्हा भावाने मला नेलं नाही, मी त्याला नेलं. स्पर्धा परीक्षेचा दुसरा प्रयत्न गेला होता. रूमवरून बाहेर पडत नव्हता, फोन उचलत नव्हता.

त्यात बॉब नावाचा पोरगा आहे. प्रयोगातून त्याला अफाट शक्ती मिळते, सगळ्यांना लोळवतो. पण त्याच्या आतला काळोख बाहेर येतो आणि न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर माणसांच्या नुसत्या सावल्या उरतात. बॉब त्या काळोखाला मारायला लागतो. जितकं मारतो, तितका तो काळोख त्यालाच गिळत जातो. शेवटी बाकीचे धडपडत त्याच्यापर्यंत पोचतात आणि त्याला घट्ट धरून ठेवतात. बस, एवढाच क्लायमॅक्स.

भावाने त्या दिवशी मला काहीच समजावलं नाही. नंतर अमृततुल्यवर चहा घेताना म्हणाला, "दादा, माझंपण असंच होतं रे. कुणी 'उठ, लढ, होईल' म्हटलं की मी अजून आत जातो."

ते 'उठ, लढ' म्हणणारे बहुतेक फोन माझे होते.

मी काही बोललो नाही. अजून दोन चहा सांगितले. टपरी बंद होईपर्यंत आम्ही बसलो, आणि झोप लागत नाही हे त्याने पहिल्यांदा सांगितलं. पुढच्या आठवड्यात तो समुपदेशकाकडे गेला. मी फक्त बाहेर बाकावर बसलो होतो. आता तो बराच सावरलाय, आणि वाद घालायलाही लागलाय. माझी परीक्षा चुकीची आहे, असं त्याचं म्हणणं.

असेलही. 'थंडरबोल्ट्स'ची कमाई काही फार झाली नाही, म्हणजे बाजाराची परीक्षा वेगळीच. पण तुमचा एखादा मित्र फोन उचलत नसेल, तर त्याला भाषण देऊ नका, त्याच्या शेजारी जाऊन बसा. आणि तुम्हालाच जड जात असेल, तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

तुमच्या लक्षात राहिलेला सुपरहिरोचा पिक्चर कुठला, ते व्हॉइस नोट करून पाठवा. भाऊ म्हणतो, यादी तो तपासणार. भेटू पुढच्या भागात!