रक्तदाब, हृदयाचा ठेका आणि मज्जातंतू

दिवसभर गादीवरची बैठक, भावाच्या चढउताराची चिंता आणि ताटात लोणचे-पापड; अशा राहणीत रक्तदाब वाढावयास वेळ लागत नाही. ‘नसा जाळल्या की गोळी कायमची सुटते’ अशी वार्ता अलीकडे कानी येते. तिच्यात तथ्य किती, हे सभासद बंधुभगिनींनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

मूत्रपिंडाच्या धमनीभोवती मज्जातंतूंचे जाळे असते. ते अतिशय उत्तेजित झाले म्हणजे मूत्रपिंड मीठ व पाणी धरून ठेवते आणि दाब चढतो. १९३० नंतरच्या काळात पाश्चात्त्य शल्यवैद्य कण्यालगतचे असे तंतू शस्त्राने कापीत. दाब उतरे, परंतु उभे राहताच रोग्यास घेरी येई. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा गुण ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला. तिच्यातील रिसर्पिन याच तंतूंच्या टोकांतील द्रव्याचा साठा रिता करते.

आता जांघेतून बारीक नळी धमनीत नेऊन उष्णतेने वा ध्वनिलहरींनी तंतू निकामी करतात. २०१४ च्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत, केवळ उपचाराचा देखावा केलेल्या रोग्यांहून विशेष फरक दिसला नाही. पुढे साधने सुधारली व नोव्हेंबर २०२३ मध्ये तेथे दोन साधनांना संमती मिळाली. तथापि वरचा आकडा तुलनेने सरासरी ५ मिलिमीटरच्या आसपासच उतरतो.

हृदयाचे वरचे कप्पे थरथरू लागले की ठेका बिघडतो, रक्ताची गुठळी होते आणि पक्षाघाताचे भय उत्पन्न होते. फुप्फुसांतून येणाऱ्या शिरांच्या मुखाशी तेथील पेशी दग्ध करणे, हा त्यावरील एक उपचार होय. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ३०२ रोग्यांच्या अभ्यासात, त्यास मूत्रपिंडाच्या तंतूंवरील उपचाराची जोड दिली असता वर्षानंतर शेकडा ७२ जणांचा ठेका ठीक राहिला. जोड नसलेल्यांत शेकडा ५६ जणांचा.

सारांश, हा उपचार गोळीची जोड आहे, गोळीची सुटका नव्हे. बऱ्हाणपुराहून रोगी इंदूर वा मुंबईस नेण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्या : गोळ्या नियमाने घेऊनही दाब चढाच आहे काय? त्याचे दुसरे कारण शोधले काय? उतार किती अपेक्षित आहे? रक्त पातळ करणारी गोळी वैद्याच्या आज्ञेवाचून कदापि थांबवू नये. आणि रोकडवहीप्रमाणे रक्तदाबाचीही वही प्रत्येक घरी ठेवावी. वैद्याला तिचा उपयोग फार होतो.