गळका रेडिएटर

विलायतेंत मुलाबाळांकडे हिंवाळा काढण्याचा प्रसंग आतां आपल्यापैकीं पुष्कळांना येतो. तेथें खिडकीखालीं, भिंतीला लागून, पत्र्याची एक चपटी पेटी दिसते, तीच रेडिएटर. बॉयलरमध्यें तापलेलें पाणी नळांतून तिच्यांत खेळतें आणि खोली उबदार राहते. तिच्या खालच्या कोपऱ्यांतला व्हॉल्व्ह गळूं लागला, म्हणजे घरचीं माणसें खालीं एक वाटी ठेवून मोकळीं होतात. ही वाटीच पुढें महागांत पडते; कारण चुकलेले थेंब गालिच्याखालच्या फळ्यांत मुरतात, आणि फळ्या कुजल्याचें कळतें तेव्हां फार उशीर झालेला असतो.

प्रथम गळती नेमकी कोठें आहे तें पाहावें. व्हॉल्व्ह फडक्यानें कोरडा करून कागदाचा कपटा एकेका सांध्याला लावावा. दांड्याभोंवतीं ओल दिसली, तर तेथला लहान नट किंचित् आंवळावा. पुष्कळदां तेवढ्यानेंच काम भागतें. तें न भागलें, तर व्हॉल्व्ह बदलावा. आणि बदलावयाचाच, तर थर्मोस्टॅटिक घ्यावा.

डेन्मार्कमधील मॅड्स क्लाउसेन यांच्या डॅनफॉस कारखान्यांत १९४३ सालीं निघालेली ही युक्ति आहे. व्हॉल्व्हच्या डोक्यांत मेण, द्रव किंवा वायु भरलेली बंद डबी असते. खोलींतील हवा तापली कीं आंतला पदार्थ प्रसरण पावतो व एक खिळी दाबून पाण्याची वाट अरुंद करतो. हवा निवली कीं स्प्रिंग ती वाट पुन्हां मोकळी करते.

काम करतांना बॉयलर बंद करून पाणी पूर्ण निवूं द्यावें. नव्या पाण्याची आवक बंद करावी, आणि सर्वांत खालच्या तोटीला रबरी नळी लावून पाणी व्हॉल्व्हच्या खालीं उतरवावें. हें पाणी गंजानें काळें झालेलें असतें; तेव्हां जुनीं फडकीं अंथरावीं. नट सोडतांना दोन पाने हवेत. एकानें व्हॉल्व्हचें अंग घट्ट धरावें, दुसऱ्यानें नट फिरवावा. नाहींतर नळ पिळवटतो आणि एका गळतीच्या दोन होतात. रेडिएटरमध्यें जाणाऱ्या आट्यांवर टेफ्लॉनची फीत आंवळण्याच्याच दिशेनें गुंडाळावी, नळावर नवें पितळी कडें घालावें, आणि व्हॉल्व्हवरील बाण प्रवाहाच्या दिशेस आहे हें पाहावें. मग पाणी व गंजरोधक औषध भरून हवा काढावी, आणि सांधे थंड असतांना व तापल्यावर, असे दोनदां तपासावे. बॉयलरच्या गॅसला मात्र हात लावूं नये. तें काम अधिकृत कारागिराचें.

एक गैरसमज सर्वत्र आढळतो. थंडी वाजली कीं लोक आंकडा ५ वर नेतात. त्यानें खोली लवकर तापत नाहीं, फक्त अधिक तापते. सुमारे २० अंश सेंटिग्रेडला बहुधा ३ चा आंकडा पुरतो. व्हॉल्व्हवर पडदा येऊं देऊं नये. पडद्यामागील उबेनेंच तो फसतो आणि खोली थंड राहते. शिवाय ज्या खोलींत भिंतीवरचा मुख्य थर्मोस्टॅट आहे, तेथें हा व्हॉल्व्ह बसवूं नये. दोघांचे हुकूम परस्परांना छेदतात.

तेव्हां पुढील खेपेस पाहुणे म्हणून गेलांत, आणि रेडिएटरखालीं वाटी दिसली, तर ती रिकामी करून पुन्हां ठेवूं नका; यजमानांना आधीं गालिचा उचलून पाहण्यास सांगा.