चांदीची गाडी आणि श्योपूरची गाडी

गेल्या दिवाळीत पुण्याहून नात आली ती एकच हट्ट घेऊन. "आबा, तुमच्याकडची चांदीची गाडी दाखवा ना." कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी १९९८ साली खुले केलेले लघुरेल्वे संग्रहालय ती पाहून आली होती. रूळ, सिग्नल, दिव्यांनी उजळलेले चिमुकले शहर आणि त्यातून खरोखर धावणाऱ्या गाड्या. ते वर्णन आम्हां उभयतांना दोन दिवस ऐकावे लागले.

फूलबागेजवळ राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीला नमस्कार करून आम्ही जयविलासात गेलो. जयाजीराव महाराजांनी १८७४ साली उभारलेल्या या प्रासादाच्या भोजनगृहात लांबलचक मेजावर रूळ मांडलेले आहेत. सात डब्यांवर शिंदे घराण्याच्या नावाची सात इंग्रजी अक्षरे. जेवणानंतर ही गाडी पाहुण्यांपुढून मद्य आणि सिगार फिरवीत असे; सुरई उचलली की ती थांबे, परत ठेवली की पुढे निघे. यकृत आणि फुफ्फुसे, दोहोंची सोय एकाच गाडीत! व्यवसायबंधूंनी हा विनोद गोड मानून घ्यावा.

माधवराव महाराजांचा हा नाद मेजापुरता नव्हता. दोन फुटी रुळांवरील त्यांची रेल्वे १८९९ साली भिंड आणि शिवपुरीकडे धावू लागली, तर १९०९ साली श्योपूरला पोहोचली. सुमारे दोनशे किलोमीटरचा तो प्रवास दिवसभराचा असे. लष्करातील आम्हां डॉक्टरांच्या दवाखान्यांत जौरा, कैलारस, सबलगढचे रुग्ण याच छोट्या गाडीने येत. त्यांचे अर्धे लक्ष नाडीकडे, अर्धे घड्याळाकडे.

उमेदवारीच्या दिवसांत एका संध्याकाळी सबलगढच्या एका बापाने तापाने फणफणलेल्या मुलाला खांद्यावर घेऊन विचारले, "डॉक्टरसाहब, गाड़ी मिल जाएगी ना?" मुलाला ठेवून घ्यावे असे माझे मन सांगत होते. बाहेर रांग मोठी होती. मी औषध लिहून दिले आणि आग्रह सोडला. ती दोघे पुन्हा कधीच आली नाहीत.

२०२० साली ती गाडी बंद झाली आणि रुंद मार्गाचे काम सुरू झाले. ते व्हायलाच हवे होते, याबद्दल माझे दुमत नाही.

नातीने डबे दोनदा मोजले. "आबा, यात माणसं कुठं बसतात?"

"यात नाही," मी म्हणालो, आणि बाहेर पडल्यावर मोटार घोसीपुरा स्थानकाकडे वळवली.