पेट्रोलचा वास घरी येतो तेव्हा

भंडारा-पवनी रस्त्यावरच्या एका पंपावर आमचा जुना विद्यार्थी काम करतो. उर्दू वाचताना अडखळायचा, हिशेबाला मात्र पक्का. परवा गाडीत पेट्रोल भरता भरता म्हणाला, "सर, अम्मी म्हणते तुझ्या कपड्यांना वास येतो. मला तर काहीच येत नाही." वास येईनासा झाला म्हणजे हवा स्वच्छ झाली असे नाही. नाक सरावले, एवढेच.

पेट्रोलमध्ये बेंझिन नावाचे रसायन असते. आपल्याकडे त्याची मर्यादा १ टक्का आहे. ऐकायला थोडे वाटते; पण टाकीत पेट्रोल ओतले की आतली वाफ बाहेर ढकलली जाते आणि नोझल धरणारा नेमका तिथेच वाकलेला असतो. दिवसभर. अड्याळच्या मे महिन्यातल्या उन्हात तर वाफ अधिकच. श्वासातून बेंझिन रक्तात जाते आणि घाव बसतो तो हाडांतल्या मज्जेवर, जिथे रक्त तयार होते. डोकेदुखी, चक्कर, मळमळ ही लगेचची लक्षणे. थकवा, वारंवार ताप, हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग हे पुढे दिसते. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फार पूर्वीच सांगितले. २०२५ मध्ये तिने खुद्द पेट्रोलच त्या पहिल्या गटात टाकले. पंपावरच्या प्रत्येकाला तो होईल असे नव्हे, पण जितकी वर्षे आणि जितकी वाफ, तितका धोका वाढतो.

आमच्या जिल्ह्यात विड्या वळणाऱ्या घरांना तंबाखूच्या धुळीचा त्रास कळतो, कारण खोकला ऐकू येतो. रक्त कमी झालेले कुणाला दिसते? २००० सालापासून पेट्रोलमधले शिसे गेले, हे चांगलेच झाले. वाफ परत खेचणारी यंत्रे मात्र मोठ्या शहरांतल्या, जास्त खपाच्या पंपांसाठी आहेत. गावच्या पोराच्या वाट्याला रुमालच. आणि रुमालाने धूळ अडते, वाफ नाही.

मग करायचे काय? वारा पाठीमागून येईल असे उभे राहावे. नोझल आपोआप बंद झाल्यावर गिऱ्हाईकाने "अजून थोडे भर" म्हणू नये. हा आमचाही दोष होता. हाताचे ग्रीस पेट्रोलने काढू नये, ते कातडीतूनही शिरते. वुजूआधी, जेवणाआधी साबणच हवा. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढणे तर जिवावर बेतते, कारण ते फुफ्फुसात उतरू शकते. घरात बाटलीत पेट्रोल ठेवू नये, लेकरू पाणी समजून पिते. वर्षातून एकदा रक्ताची सीबीसी तपासणी करावी आणि डॉक्टरांना आपण पंपावर काम करतो हे आवर्जून सांगावे. बेंझिनचे आजार कायद्याच्या यादीत व्यावसायिक आजार म्हणून आहेत, त्यामुळे कामाची नोंद आणि रिपोर्ट दोन्ही जपून ठेवावेत.

हे सारे आम्ही त्या पोराला सांगितले. तो हसला, म्हणाला, "सर, सुट्टी मिळाली की जातो." त्याच्या अम्मीला मात्र वेगळेच विचारायचे होते: त्याचा गणवेश लहान भावंडांच्या कपड्यांत धुवावा की वेगळा? वेगळाच, आम्ही म्हटले, आणि आधी अंगणात वाऱ्यावर टांगून.