डेस्कटॉपसाठी शांत फॅन निवडताय? डब्यावरचा डेसिबलचा आकडा एवढंच बघू नका

मोबाईलमध्ये फॅन नसतो. तो तापला की गपचूप स्वतःचा वेग कमी करतो, आणि गेम अडखळायला लागला की मग आपल्याला कळतं. डेस्कटॉप मात्र आधी फॅन जोरात फिरवतो, खोलीभर घरघर ऐकवतो, आणि तेवढ्यानं भागलं नाही तरच हळू होतो. लातूर जिल्हा म्हणजे क्लासेसचा जिल्हा. निलंग्यात काय किंवा औशात काय, एकाच खोलीत एक जण रात्री अकराला नीटची लेक्चर्स बघतोय आणि दोन हातांवर घरचे झोपलेत, असं अनेक घरांत असतं. हेडफोन लावून लेक्चरचा आवाज बंद होतो, कॅबिनेटचा होत नाही.

मग आपण ‘सगळ्यात शांत फॅन’ शोधायला बसतो. यूट्यूबवर टेस्ट भरपूर आहेत, पण त्यातल्या बऱ्याच वीस-बावीस अंशांच्या खोलीत केलेल्या असतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी पार करतो आणि पत्र्याखालची खोली रात्रीसुद्धा लवकर निवत नाही. म्हणून त्या टेस्ट वाचायच्या कशा, ते आधी बघू.

आकड्यांची गंमत

सध्या सगळ्यात जास्त चालणारा साइज १२० मिमी. त्याच्या डब्यावर साधारण तीन आकडे असतात: आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेरे; सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा; आणि डेसिबल, म्हणजे आवाज.

ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीचा एनएफ-ए१२एक्स२५ हा २०१८ साली आलेला फॅन घ्या (तोच, चहा-बिस्किटाच्या रंगाचा). २००० आरपीएम, साधारण ६० सीएफएम, २२.६ डेसिबल. त्याच कंपनीचा स्वस्तातला एनएफ-पी१२ रिडक्स बघा: १७०० आरपीएम, जवळपास ७१ सीएफएम, २५.१ डेसिबल. आता तिसरा, आर्क्टिकचा पी१२. १८०० आरपीएम, ५६.३ सीएफएम, आणि आवाज? ०.३ सोन. सोन हे वेगळंच एकक आहे. ते कानाला आवाज किती मोठा वाटतो त्यावर बेतलेलं आहे, त्यामुळे ०.३ आणि २२.६ शेजारी ठेवून काहीच ठरवता येत नाही. या पी१२ ची किंमत मात्र नॉक्टुआच्या त्या महागड्या फॅनच्या निम्म्याहूनही कमी असते, हे लक्षात राहू द्या.

स्वस्त आरजीबी पॅकवर आणखी एक चलाखी दिसते. ‘१८ ते ३० डेसिबल’ असं छापतात आणि बाजूला सगळ्यात मोठा सीएफएम. आपण वाचतो १८ डेसिबल आणि तो मोठा सीएफएम, दोन्ही एकत्र. प्रत्यक्षात १८ हा सगळ्यात हळू फिरताना आणि सीएफएम पूर्ण वेगाला. दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत.

डेसिबल वाचताना दोन गोष्टी माहीत हव्यात. एक, दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. दोन, सारखेच दोन फॅन एकत्र लावले तर आवाज दुप्पट होत नाही, फक्त तीन डेसिबलनं वाढतो. यातूनच शांत पीसीची खरी युक्ती निघते. फॅनचा वेग कमी केला की हवा त्याच प्रमाणात कमी होते, पण आवाज त्याहून कितीतरी झपाट्यानं उतरतो. १५०० वरून १००० आरपीएमवर आणलात तर हवा एक तृतीयांशानं घटते, आवाज मात्र जवळपास नऊ डेसिबलनं. मग १५०० वर ओरडणाऱ्या एका फॅनऐवजी १००० वर फिरणारे दोन लावा. कागदावर हवा पहिल्यापेक्षा जास्त आणि आवाज सहा डेसिबल कमी. हाच हिशोब १४० मिमीच्या मोठ्या फॅनलाही लागू पडतो. पाती मोठी असल्यानं तेवढ्याच हवेसाठी त्याला कमी फिरावं लागतं.

म्हणून तुलना करायची तर ‘पूर्ण वेगाला कोण शांत’ असा प्रश्न विचारू नका. ‘सारख्याच आवाजाला कोण जास्त थंड ठेवतो’ असं विचारा. चांगल्या रिव्ह्यूमध्ये असा तक्ता असतो: सगळे फॅन एका ठरावीक डेसिबलवर आणून प्रोसेसरचं तापमान मोजलेलं. तो तक्ता नसेल तर तो रिव्ह्यू सरळ सोडून द्या. अशा तक्त्यात महाग आणि मध्यम फॅनमध्ये बऱ्याचदा दोन-तीन अंशांचाच फरक निघतो.

दाबाचा आकडाही बघा. सोयाबीन उफणायचा पंखा आठवा. मोकळ्यावर तो भरपूर वारा देतो, पण त्याच्या तोंडावर गोणपाट धरलं तर वारा पलीकडे जात नाही. कॅबिनेटच्या फॅनपुढे जाळी, फिल्टर किंवा हीटसिंकच्या दाट पट्ट्या असतात. तिथे नुसता सीएफएम कामाचा नाही. ‘स्टॅटिक प्रेशर’ म्हणून जो आकडा असतो तो हवा. पी१२ साठी तो २.२ मिमी आहे, एनएफ-ए१२एक्स२५ साठी २.३४. आणि पुढून काच ठोकलेलं कॅबिनेट असेल तर कुठलाही फॅन आणा, तो धापा टाकणारच. जाळीचं तोंड असलेलं कॅबिनेट दिसायला साधं असेल, पण शांत राहतं.

निलंग्यातल्या खोलीचा हिशोब

फॅन खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त खोलीची हवा आत-बाहेर करतो. रिव्ह्यूमध्ये २२ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ६५ अंशांवर दिसला, म्हणजे तो खोलीपेक्षा ४३ अंश वर आहे. तीच मशीन ४० अंशांच्या खोलीत साधारण ८३ ला जाईल. घाबरू नका, बहुतेक प्रोसेसर ९५-१०० च्या आसपास स्वतःला आवरतात. लोडवर ८३ चालतं. गडबड वेगळीच होते. मदरबोर्डचा फॅन कर्व्ह ७० अंशांना पूर्ण वेग असा ठेवलेला असेल, तर आपल्याकडे मे महिनाभर फॅन किंचाळतच राहणार. नवा फॅन घ्यायच्या आधी बायोसमध्ये जाऊन हा कर्व्ह बदलून बघा: ६० अंशांपर्यंत ४० टक्के, ८० ला ७० टक्के, ९० ला पूर्ण. ‘स्टेप अप’ किंवा ‘डिले’ असा पर्याय असेल तर तो काही सेकंदांवर ठेवा. ब्राउझर उघडला की वूं, बंद केला की शांत, हे चढउतार त्यानं थांबतात. एकसारखा आवाज डोक्यातून निघून जातो. वरखाली होणारा झोपू देत नाही. याला एक रुपयाही लागत नाही.

आणि खरं सांगायचं तर छताचा पंखा किंवा कूलर चालू असलेल्या खोलीत २२ आणि २५ डेसिबलमधला फरक कुणालाच ऐकू येत नाही. तो कळतो दिवाळीनंतर, पंखा बंद झाल्यावर. त्यामुळे पैसे मोजके असतील तर महागड्या एका फॅनपेक्षा मध्यम दर्जाचे दोन फॅन आणि जाळीचं कॅबिनेट, हे मला जास्त पटतं.

धूळ हा दुसरा विषय. माळवदाच्या घरात वरून माती झडते, ऑक्टोबरात सोयाबीनच्या मळणीचं भुसकट उडतं. पट्ट्यांमध्ये धूळ बसली की हवा अडते आणि तोच फॅन जास्त फिरायला लागतो. बाहेर फेकणाऱ्या फॅनपेक्षा आत ओढणारे जास्त ठेवा आणि त्यांच्यापुढे धुता येणारा फिल्टर लावा, म्हणजे फटींतून धूळ ओढली जात नाही. ब्लोअर मारताना पाती बोटानं धरून ठेवा. वाऱ्यानं भन्नाट फिरवली तर बेअरिंगची वाट लागते. बेअरिंगवरून आठवलं, स्लीव्ह बेअरिंग स्वस्त असतं पण गरमीत त्यातलं तेल लवकर वाळतं आणि कटकट सुरू होते. ‘फ्लुइड डायनॅमिक’ लिहिलेलं घ्या.

पिना मोजून घ्या

दुकानात हा प्रश्न आधी विचारा. चार पिनांचा बारीक कनेक्टर म्हणजे पीडब्ल्यूएम, त्याचा वेग मदरबोर्ड नीट कमी-जास्त करतो. तीन पिनांचा असेल तर व्होल्टेज कमी करून वेग उतरवता येतो, फक्त बायोसमध्ये ‘डीसी’ मोड निवडावा लागतो. फसवणारा असतो तो मोठा मोलेक्स. त्यालाही चारच पिना असतात, पण तो थेट पॉवर सप्लायला जोडला जातो आणि फॅन कायम पूर्ण वेगानं फिरतो. स्वस्त कॅबिनेटमध्ये आधीच बसवलेले रंगीत फॅन बऱ्याचदा असेच असतात. सेकंडहँड ऑफिस डेस्कटॉप घेतला असेल तर काही मॉडेलमध्ये कनेक्टरच वेगळा असतो, तेव्हा जुना फॅन काढून, त्याचा फोटो घेऊनच लातूरला जा.

मोबाईलनं आवाज ओळखा

मोबाईलवरचं डेसिबल मीटर खरा आकडा दाखवेलच असं नाही, शिवाय फार हळू आवाज फोनच्या माइकला नीट पकडता येत नाही. पण फोन त्याच जागी, तेवढ्याच अंतरावर ठेवून आधी आणि नंतर मोजलं तर फरक कळतो. याहून कामाचं म्हणजे फायफॉक्स हे जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं मोफत ॲप. त्यात आवाजाचा स्पेक्ट्रम दिसतो. फॅनचा आरपीएम भागिले ६०, गुणिले पात्यांची संख्या, हा हिशोब करा. सात पात्यांचा फॅन १५०० वर फिरत असेल तर १७५ हर्ट्झला टोक दिसायला हवं. तिथे दिसलं तर आवाज फॅनचाच. १०० हर्ट्झला दिसलं तर ती बहुधा विजेची गुणगुण आहे. आणि १२० ला असेल तर ती ७२०० आरपीएमची जुनी हार्ड डिस्क असू शकते, मग फॅन कितीही चांगला आणला तरी तो आवाज जाणार नाही.