गोधडीची माया

ब्रिटनच्या क्विल्टर्स गिल्डच्या संग्रहात १७१८ हे साल नोंदलेले रेशमी तुकड्यांचे एक पांघरूण आहे. ज्या कागदी साच्यांवर ते तुकडे बेतले, ते साचे आजही त्याच्या आत आहेत. त्रिकोण, षटकोन जोडून नक्षीची गोधडी शिवायची, तर साचा आपल्यालाही हवाच.

शिवणीपलीकडे राखलेल्या कापडाला आपण ‘माया’ म्हणतो. हाताने जोडताना साचा मायेविना, नेमक्या आकाराचा घ्यावा. त्याभोवती आखलेली रेघ हीच टाक्याची वाट. माया रेघेबाहेर अंदाजाने सोडावी. यंत्रावर मात्र कापडाची कडच मार्गदर्शक ठरते. म्हणून पाव इंच माया साच्यातच धरावी लागते.

एका शिवणीतील अर्ध्या मिलिमीटरची चूक डोळ्यांना दिसत नाही. वीस शिवणींनंतर ती एक सेंटिमीटर होते आणि कोपरे जुळत नाहीत. आखून आखून पुठ्ठ्याच्या साच्याची कड झिजते. तेव्हा नवा साचा मूळ आकृतीवरूनच कापावा.

चुकलेली शिवण उसवता येते. आजीचे लुगडे मात्र एकदाच कापता येते. त्याला कात्री लावण्यापूर्वी जुन्या चादरीचे चार तुकडे जोडून साचा पारखून घ्यावा. मग त्या गोधडीत दोन्ही अर्थांची माया उतरेल.